ढब्बू चार मोजेपर्यंत

"मॅडम, जुन्या काळचा टीव्ही आपलं बोलणं ऐकायचा का हो?"

प्रश्न विचारला मी, पण लावून दिला होता जियानं आणि अन्वितानं. शाळेच्या सभागृहात चारशे पोरं, समोर पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ डॉ. रुक्साना बागवान, आणि माझ्या दोन्ही बरगड्यांत दोघींची दोन कोपरं. "विचारतीस का घाबरतीस?" जिया कुजबुजली. मागच्या वर्षीची ओजस्वी म्हेत्रे असती तर मान खाली घालून बसली असती. पण या वर्षी मी केस कापलेत, कबड्डीची कॅप्टन झालेय आणि घाबरायचं सोडून दिलंय. उठले आणि विचारून टाकलं.

चारशे पोरं एकदम हसली. कुरणे मॅडमनी डोळे वटारले. कान गरम झाले माझे, पण बसले नाही.

डॉ. बागवान मात्र हसल्या नाहीत. "तुला कुणी सांगितलं असं?"

"पप्पांनी. म्हणजे ते लहान असताना त्यांना वाटायचं तसं. एक कार्यक्रम लागायचा, त्यातला माणूस प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघायचा."

"टीव्ही नाही ऐकायचा," त्या म्हणाल्या. मग एक क्षण थांबल्या, आणि माईक तोंडाजवळ नेला. "पण व्हीसीआर ऐकायचा. आणि त्यानं ऐकलेलं अजून कॅसेटमध्ये आहे."

जियानं माझ्या बरगडीतलं कोपर काढून घेतलं.

आधी तो कार्यक्रम काय होता ते सांगायला पाहिजे, कारण आमच्या घरी तो अजून रोज लागतो. टीव्हीवर नाही, पप्पांच्या तोंडात. एकोणीसशे शहाण्णव साली इचलकरंजीच्या लोकल केबलवर दर शुक्रवारी संध्याकाळी "आता तू बोल" नावाचा कार्यक्रम असायचा. एक गजूदादा होता, चौकटीचा शर्ट घालणारा, आणि त्याच्या हातावर जुन्या मोज्याचं केलेलं ढब्बू नावाचं कासव. गजूदादा सरळ कॅमेऱ्यात बघून प्रश्न विचारायचा, "आता तू बोल!" म्हणायचा आणि कानामागं हात धरून गप्प बसायचा. ढब्बू चार वेळा मान हलवून चार मोजायचा. तेवढ्या वेळात घरातल्या पोरांनी ओरडून उत्तर द्यायचं. मग गजूदादा खूश होऊन म्हणायचा, "अगदी बरोब्बर! ऐकलं मी!" कधी तो म्हणायचा, काचेवर बोट ठेव आणि ढब्बूला घरचा रस्ता दाखव. पप्पा सांगतात, त्या काचेला बोट लावलं की चर्र आवाज यायचा आणि हातावरचे केस उभे राहायचे, त्यामुळं पलीकडं खरंच कुणीतरी आहे याबद्दल शंका राहायचीच नाही.

आता आमच्याकडच्या भिंती आपल्याशी गप्पा मारतात, भाजीत मीठ जास्त झालं तर फ्रिज बोलून दाखवतो. पण पप्पांचं म्हणणं ठाम आहे. "हे सगळे उत्तर द्यायला टपलेलेच असतात गं. वाट बघणारा तो एकटाच होता."

आई लगेच, "आणि तुम्ही चुकलात तरी तो बरोब्बरच म्हणायचा!"

"मी चुकलोच नाही कधी," पप्पा म्हणायचे.

शाळेतला कार्यक्रम संपल्यावर डॉ. बागवानांनी मला बोलावून घेतलं आणि कागदावर रेघा काढून समजावून सांगितलं. जुन्या टीव्हीचं चित्र आडव्या रेघांचं असायचं. सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस रेघा, आणि प्रत्येक रेघ सुरू होताना सिग्नलमध्ये एक बारीक ठोका. व्हीसीआर कार्यक्रम रेकॉर्ड करताना हे ठोके फितीवर उमटवत जायचा. ते अगदी समान अंतरावर पडायला पाहिजेत. पण खोलीत कुणी ओरडलं की हवा थरथरते, हवेनं यंत्र थरथरतं, यंत्रातली फीत थरथरते, आणि ठोका केसभर लवकर नाहीतर केसभर उशिरा पडतो. हा फरक इतका लहान की पंचेचाळीस वर्षं तो कुणी मोजलाच नाही. आता त्यांच्या प्रयोगशाळेत प्रकाशानं फीत वाचणारं यंत्र आलंय. ते प्रत्येक ठोक्याची चूक मोजतं आणि त्या चुका ओळीनं मांडल्या की खोलीतला आवाज परत मिळतो.

"म्हणजे व्हीसीआर हा न कळता बनलेला माईक," मी म्हटलं.

"शाबास! पण एक अडचण आहे. टीव्हीच मोठ्यानं बोलत असला की खोलीतलं दुसरं काही कळत नाही. यंत्राजवळ शांतता लागते." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "आणि तुझा हा गजूदादा दर दोन मिनिटांनी चार सेकंद गप्प बसायचा. समोर पोरं. ओजस्वी, कॅसेट आहेत का गं तुमच्याकडं?"

होत्या! तीन होत्या! आजोबांच्या मित्राचं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान बंद पडलं तेव्हा त्याचा व्हीसीआर आमच्या घरी आला होता, आणि पप्पांनी हट्ट करून त्यावर तीन शुक्रवारचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला लावले होते. यंत्र कधीच मोडीत गेलं, पण कॅसेट कपाटात वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमशेजारी. पप्पांना मी सांगितलं, शाळेच्या प्रकल्पाला पाहिजेत. खरं काय ते सांगितलं नाही, कारण फेब्रुवारीत त्यांचा एक्कावन्नावा वाढदिवस होता आणि माझ्या डोक्यात सगळा सोहळा तयार होता. सहा वर्षांच्या उल्हास म्हेत्रेचा आवाज एक्कावन्न वर्षांच्या उल्हास म्हेत्रेला भेट! जगात कुठल्या पोरीनं बापाला अशी भेट दिली असेल?

जानेवारीच्या शेवटी डॉ. बागवानांचा फोन आला. दोन कॅसेटना बुरशी लागली होती, तिसरीतून मिळालं होतं. "पप्पांचा आवाज फार गोड आहे. आणि त्यांच्याबरोबर ती मुलगी कोण? मोठी हुशार दिसते."

"असेल कुणी शेजारची," मी म्हटलं. फाईल मी उघडलीसुद्धा नाही. आधी ऐकण्याचा मान पप्पांचा.

वाढदिवसाला संध्याकाळी केक कापून झाला. मी दोघांना सोफ्यावर बसवलं आणि भाषण ठोकलं: फीत, ठोके, थरथर, सगळं. पप्पा ऐकता ऐकता थोडे पुढं सरकून बसले. मला वाटलं, उत्सुकतेनं. फाईल लावली.

आधी नुसती खरखर. मग गजूदादाचा आवाज, फितीतला, हसरा. "सांगा बघू, ढब्बूच्या पाठीवर ठिपके किती? आता तू बोल!"

शांतता. त्या शांततेत पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आमची खोली होती. कुठंतरी भांडं सरकलं. कुणीतरी नाकानं श्वास घेतला, अगदी जवळून, जणू यंत्राला गाल लावून. आणि एका मुलीचा आवाज आला. जड, लांबवलेला, शब्द तोंडात घोळवून बाहेर ठेवल्यासारखा.

"सा...त."

आणि लगेच त्याच्या मागं एका पोराची किंकाळी. "सात! सात!"

खालच्या मजल्यावरून बाईचा आवाज. "कोण रं वरडलं?"

"मी! मी सांगितलं!"

"अगदी बरोब्बर! ऐकलं मी!" गजूदादा म्हणाला.

मी टाळ्या पिटल्या. "पप्पा! तुम्ही! आणि ती आजी ना?" आईही हसत होती. "अगं बाई, काय आवाज तो! ही मुलगी कोण हो? ती आधी सांगतेय."

पुढचा प्रश्न आला: झाडाला काय असतं, पोपटासारखं हिरवं? परत तसंच. मुलगी, "पा...न." पोरगा, "पान! पान!" तिसरा प्रश्न अवघड होता, दोन अंकी बेरजेचा. ढब्बूचे चार संपत आले तरी कुणीच बोललं नाही. मग तो पोरगा, या वेळी हळू आवाजात, विनवणी केल्यासारखा.

"ताई, सांग की."

पप्पांना एकच ताई आहे. माझी वैजूआत्या. आणि ती जन्मापासून ठार बहिरी आहे, एक शब्द कधी बोलली नाही, असं मला आयुष्यभर सांगितलेलं आहे.

मी फाईल थांबवली.

"शेजारची कुणी असेल ना?" मी विचारलं. माझा स्वतःचा आवाज मला मूर्खासारखा वाटला.

"नाही," पप्पा म्हणाले. "वैजूताई आहे ती."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते सलग सांगितलं नाही. मधे उठले, पाणी प्याले, पंखा बंद केला, परत लावला. मी ते इथं जोडून लिहितेय.

आजोबांचे बारा यंत्रमाग होते. खाली माग, वर घर. मागांचा आवाज इतका, की वरच्या मजल्यावर ताटातल्या वाट्या सरकायच्या. त्या घरात कुणी बोलायचंच नाही, सगळे खुणा करायचे. बोटं तोंडाशी नेली की जेवायला ये. दोन बोटं कातरीसारखी केली की धागा तुटला. मूठ उलटी केली की सुताची कांडी संपली. दोन वर्षांचं पोरसुद्धा खुणा शिकायचं. त्यामुळं वैजूताई बोलत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सहा वर्षांची झाली, शाळेत घातली, तेव्हा बाईंनी चिठ्ठी पाठवली: मुलीला ऐकू येत नाही असं वाटतं, तपासून घ्या.

"मग तपासलं की," पप्पा म्हणाले. "आप्पांनी, तुझ्या आजोबांनी स्वतः. तिला पाठमोरी बसवली आणि मागून पितळेची परात वाजवली. ती वळली नाही. तीन वेळा वाजवली. वळली नाही. झालं, ठरलं सगळ्यांचं."

"मग बहिरीच ना?" आई म्हणाली.

"शुभदा, मी शेजारीच बसलो होतो. मीही वळलो नाही." पप्पा हसल्यासारखे झाले, पण ते हसू नव्हतं. "आमच्या घरात आवाजाला कुणीच वळायचं नाही. दिवसभर परातीसारखाच आवाज. वळायला लागलं तर दिवसभर वळतच बसावं लागेल. मागवाल्याच्या पोराचा कान असा तपासायचा नसतो, हे त्या घरात कुणाला सुचलं नाही. मला कुणी तपासत नव्हतं म्हणून मी सुटलो."

तिला थोडं ऐकू यायचं. अर्धवट, जाड आवाज तेवढे. माग चालू असताना काहीच नाही. पण शुक्रवारी आठवड्याची सुट्टी, माग बंद असायचे. शुक्रवारी ती टीव्हीच्या खोक्याला गाल लावून बसायची, आणि लाकडातून, हाडातून तिच्यापर्यंत गजूदादा पोचायचा. घरात तिच्याशी तोंडानं बोलून उत्तरासाठी थांबणारा तेवढा एकच माणूस होता. ती त्याला उत्तर द्यायची. फक्त त्याला.

"आणि तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"मला माहीत होतं. फक्त मलाच." पप्पांनी चष्मा काढून हातात धरला. "बरोबर उत्तर आलं की आप्पा मला उचलून खांद्यावर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी खाली कामगारांना सांगायचे, पोरगं लई हुशार हाय. ती सांगायची, मी ओरडायचो. सहा वर्षांचा होतो गं मी."

वैजूताई आठ वर्षांची असताना तिला मूकबधिरांच्या एका निवासी शाळेत नेऊन सोडलं. अर्जावर लिहिलं, संपूर्ण बहिरी. पप्पा म्हणाले, ती जायच्या दिवशी ते फार रडले. सगळ्यांना वाटलं, बहिणीसाठी. "तिच्यासाठीही रडलो. पण जास्त याच्यासाठी, की आता शुक्रवारी मला उत्तर कोण सांगणार. आणि आप्पांना सांगावं, ती बोलते, तर मग विचारतील की आजवर कोण सांगत होतं." पुढच्या शुक्रवारी तीन प्रश्न चुकले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांनी कार्यक्रम लावलाच नाही. घरात सांगितलं, बंद पडला.

"विसरलो होतो, असं सांगणार होतो तुला," पप्पा म्हणाले. "विसरलो नव्हतो. फक्त चांगलं तेवढंच बोलत राहिलो."

मी आत जाऊन पालथी पडले. मी माझ्या बापाला काय भेट दिली होती!

पुढचे दोन महिने आमच्या घरात गजूदादाचं नाव निघालं नाही. दहावीची परीक्षा झाली. शेवटच्या पेपराच्या दिवशी मी सांगून टाकलं, की हे आत्याला कळायला पाहिजे.

"कशाला?" पप्पा म्हणाले. "त्रेपन्न वर्षांची आहे ती. तिचं काम आहे, घर आहे, मैत्रिणी आहेत. आता तिला कळवून काय मिळणार? तिला ऐकूसुद्धा येणार नाही ते."

"तो तिचा आवाज आहे पप्पा. तुमचा नाही, माझा नाही."

"ओजू, हळू," आई म्हणाली. मग पप्पांकडं वळून तिनं तेच हळू आवाजात म्हटलं. "तिचा आहे हो तो."

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही तिघं मिरजेला गेलो. वैजूआत्या तिथं तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात भोपळ्यांवर नक्षी करते. हसू नका, मीही लहानपणी हसायचे, ऐकू न येणारी बाई आणि तंबोरे. तिच्या हाताखालून गेलेल्या भोपळ्यावर एक ओरखडा सापडणार नाही. भाऊबीजेला ती येते, जेवते, पप्पांना ओवाळते, माझ्या गालाला चिमटा काढते आणि संध्याकाळच्या बसनं परत जाते. माझ्या पंधरा वर्षांत आमचं बोलणं इतकंच.

तिच्याकडं अक्षरचष्मा आहे. समोरचा बोलला की त्याचे शब्द तिच्या काचेवर उमटतात. उलट मात्र होत नाही. तिच्या शाळेत पहिल्या काही वर्षांत खुणा शिकवणारंच कुणी नव्हतं, म्हणून वसतिगृहातल्या पोरींनी आपसात आपली भाषा बनवली. ती शाळा आता बंद झालीय. ती भाषा येणाऱ्या सहाजणी मिरजेत राहतात, दर रविवारी भेटतात, आणि जगातल्या कुठल्याही यंत्राला ती येत नाही. आमच्याशी आत्या फोनवर लिहून बोलते.

पप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी सगळं सांगितलं. परात, शुक्रवार, खांदा, सगळं. सांगताना ते तिच्या डोळ्यांकडं बघत होते, पण मला दिसत होतं, तिची नजर काचेवर सरकणाऱ्या अक्षरांवर होती. तिच्या मांडीवर अर्धा रंगवलेला भोपळा होता. एकदाही तिनं हात थांबवला नाही. पप्पांचं संपल्यावर तिनं ब्रश पाण्यात ठेवला आणि फोनवर लिहिलं.

"मला माहीत आहे. मी तिथंच होते."

मग परत लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. "शाळेत पहिलं वर्षभर मी बोलायचे. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. वाटायचं, आप्पांना चूक कळेल, न्यायला येतील. उल्हास सांगेल. मग दोन्ही कान फुटले. उरलेलं गेलं. मग बोलायचं सोडलं."

पप्पांनी तिचे पाय धरले. तिनं सोडवून घेतले. रागानं नाही, पण सोडवून घेतले.

मला काहीतरी करायलाच पाहिजे होतं, मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "आत्या, आवाज मिळालाय तुझा! ऐक, म्हणजे बघ!" आणि फोनवर लाटांचं चित्र दाखवलं. ती बघत राहिली. "कसा आहे?" तिनं लिहिलं.

"गोड!"

"गोड जिभेला लागतं. आवाज कसा आहे?"

मला सुचलं, भोपळा! स्पीकर मी एका कोऱ्या भोपळ्याच्या तोंडाशी धरला आणि तिचे दोन्ही तळवे भोपळ्यावर ठेवले. फाईल लावली. सा...त. पा...न. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, आता फुलेल, आता फुलेल. तिनं डोळे मिटून घेतले. तीन वेळा लावायला सांगितलं. मग हात काढून घेतले आणि लिहिलं, "थरथरतं. ट्रक गेला तरी असंच थरथरतं."

मग तिनं चष्मा काढला. काढून पेटीत ठेवला आणि पेटी मिटली. पप्पांकडं वळली. गळ्याशी हात नेला, तिथून बाहेर उघडला, आणि भुवया उंचावल्या. एवढं मलाही कळलं. माझा आवाज. कसा? तू सांग. तू ऐकलायस.

पप्पांनी हात उचलले.

पप्पांना तीस-बत्तीस खुणा येतात. मी मोजल्यात. जेव. ये. चहा. झोप. पाऊस. बस कधी. धागा तुटला. कांडी संपली. खालच्या मागांवरच्या जुन्या कामगारांच्या खुणा. पंचेचाळीस वर्षांत ते तिच्या भाषेतली एकही नवीन खूण शिकलेले नाहीत. त्यांनी "लहान" केलं. मग "चांगलं" केलं. मग दोन्ही हात छातीसमोर असेच राहिले, उघडे, बोटं थोडी वाकडी. जड म्हणजे काय, लांबवलेला म्हणजे काय, शब्द ठेवताना ती किती काळजी घ्यायची, हे सांगायला त्यांच्या हातांत काहीच नव्हतं.

आत्या थांबली. मी इतकं थांबलेलं माणूस कधी बघितलं नाही. बाहेरून एक रिक्षा गेली, दुसरी गेली. आईनं तोंड फिरवलं. पप्पांचे हात हळूहळू खाली आले.

आत्यानं मान हलवली, म्हणजे राहू दे. ब्रश उचलला आणि भोपळ्यावरची अर्धी राहिलेली वेल पुढं काढायला लागली.

निघताना तिनं माझ्या फोनवर लिहिलं, फक्त मला. "माझ्या भाषेत सांगता येईल तेव्हा सांगा. तोवर कुणी ऐकायचं नाही. पुण्याच्या बाईंनीसुद्धा नाही."

डॉ. बागवानांना मी कळवलं. त्यांनी ती फाईल पुसली, आणि पुसल्याचं पत्र पाठवलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, पुण्याला कॉलेजला ये, शनिवारी माझ्या प्रयोगशाळेत काम कर, तुझ्यासाठी जागा ठेवतेय. जियानं ते पत्र पाचजणींना वाचून दाखवलं. पप्पांनी पुण्याला वसतिगृह बघून ठेवलं. आईनं नवीन चादरी आणल्या. त्या एका पत्रासाठी मी मागच्या वर्षी काहीही दिलं असतं.

प्रयोगशाळेची फाईल गेली तरी माझ्या फोनमध्ये एक आहे. मी ती बंद ठेवलीय. पण मला ती पाठ आहे, तेच तर वाईट आहे. भांडी घासताना कानात येते. सा...त. एका माणसाचा आवाज मला ठाऊक आहे आणि त्या माणसाला ठाऊक नाही, आणि मी इतकी बडबडी असून तिला सांगू शकत नाही.

काल निकाल लागला. शहाण्णव टक्के. पप्पा पेढे घेऊन आले, अर्ज उघडून समोर ठेवला, म्हणाले, "घाल सही."

मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "आई, पप्पा, मी पुण्याचा अर्ज भरणार नाही. अकरावी-बारावी मी मिरजेत करणार आहे, आत्याकडं राहून."

"अगं पण बागवान मॅडम?" आई म्हणाली.

"त्यांना रात्रीच कळवलंय."

"तिला विचारलंस?" पप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही इतका लहान होता.

"विचारलं. चार दिवस उत्तरच दिलं नाही तिनं. मग लिहिलं, माझी भाषा दोन वर्षांत येईलच असं नाही, दहाही लागतील. आणि तिची एक अट आहे."

पप्पा अर्जाकडं बघत होते.

"तिच्या घरात तोंडानं बोलायचं नाही. फोनवरसुद्धा नाही, तुमच्याशीसुद्धा नाही. मी कबूल केलंय. सोमवारी सकाळच्या बसनं मी चालले."